अकराव्या पानाचा खडा

मुनेश्वर बाईंच्या घरात 'समजलं' म्हणायला बंदी होती. चहा सांडला तर चालायचं, दूध उतू गेलं तर चालायचं, पण बाई काही सांगत असताना कुणी "हो, समजलं" म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "समजलं हे लोक रामराम-जयभीमसारखं म्हंतात. समोरचा दिसला का म्हनून टाकलं. ते मले नोको सांगू. न समजलेलं सांग."

मला तर दोन्ही सांगता येत नव्हतं. परक्या माणसाशी बोलायला मला फार जड जातं. अजूनही जातं. तेव्हा मी त्यांच्याकडे दुपारच्या स्वयंपाकाला नुकतीच लागले होते. आमच्या तांड्यावरून घाटंजीला चालत यायची. स्वयंपाक आवरला की त्यांच्याच ओसरीवर बसून चार घरची तूर, गहू, ज्वारी निवडून द्यायची. तिथे उजेड चांगला होता, आणि या बाई आपल्याला बोलायला लावत नाहीत, असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. त्या आत टेबलाशी संगणकावर काहीतरी लिहीत बसायच्या आणि लिहिलेलं स्वतःशीच मोठ्यानं वाचायच्या. एक दिवस वाचता वाचता थांबल्या, कागद घेऊन बाहेर आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"किती शिकली तू, कमळा?"

"चौथी."

"मंग काहून सोडली?"

"तांड्यावरची शाळा तेवढीच होती."

त्यांनी हळहळ केली नाही. उलट चेहरा उजळला. "म्हंजे वाचता येते, अन् हे काय हाय ते बिलकुल माहीत नाही. अवं, मी असंच माणूस शोधून राह्यलती!"

मग त्यांनी आतून एक पितळेची वाटी आणली आणि माझ्या सुपाशेजारी ठेवली. "मी वाचतो. तू आपली तूर निवड. जिथं समजणार नाही तिथं सुपातला एक खडा उचल अन् या वाटीत टाक. तोंडानं बोलायचं कामच नाही. तुले लाज वाटते, खड्याले वाटत नाही."

पहिल्या दिवशी वाटीत एकोणीस खडे पडले. तूर काही एवढी खराब नव्हती. सुपातले खडे संपले म्हणून मला वाटीतलेच उचलून पुन्हा टाकावे लागले होते. बाईंनी प्रत्येक खड्याजवळ आपल्या कागदावर खूण केली होती. त्या खुणा बघून त्या अशा हसल्या की जणू शेतात हरभऱ्याचं चांगलं पीक उभं आहे.

बाई यवतमाळला एका कॉलेजात संगणक शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घाटंजीला राहायला आल्या. त्यांच्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून संगणकाची एक लहानशी भाषा तयार केली होती. संगणकाला काम सांगायची भाषा. ती कुणीही वापरावी अशी होती, पण ती कशी वापरायची ते सांगणारं पुस्तक इंग्रजीत होतं. ते मराठीत लिहायचं काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "पोट्टे हुशार हायेत," त्या म्हणायच्या, "पण हुशार माणसाले वाटते का त्याले माहीत हाय ते साऱ्या दुनियेले माहीत असन."

त्या भाषेचा सगळा भार मॅक्रोवर होता. मॅक्रो म्हणजे काय ते बाईंनी मला असं सांगितलं होतं. संगणकाला एकेक ओळ लिहून काम द्यावं लागतं. त्याच चार-पाच ओळी पुन्हा पुन्हा लागत असतील तर त्यांना एकदाच एक नाव देऊन ठेवायचं. पुढे नुसतं नाव लिहायचं. मशीन आधी त्या नावाच्या जागी सगळ्या ओळी मांडतं आणि मग त्या ओळींप्रमाणे काम करतं. ओळींमध्ये एखादी जागा रिकामीही ठेवता येते. 'अमक्याला निरोप दे' यातला अमका रिकामा ठेवायचा आणि नाव लिहिताना सांगायचं, या वेळी अमका म्हणजे शांताबाई.

माझी आई कांचळी, म्हणजे आमच्या तांड्यावरच्या बायकांची आरसे-कवड्यांची चोळी, शिवताना मला नुसतं पट्टीचं नाव सांगायची. ते नाव ऐकलं की कवडी कुठे, आरसा कुठे, कोणत्या रंगाचा टाका आधी, हे सगळं माझ्या हाताला कळायचं. हे मी बाईंना सांगितलं. मी त्यांना आपणहून सांगितलेली ती पहिली गोष्ट. बाई खूप वेळ खूश होत्या, पण पुस्तकात त्यांनी ते घातलं नाही. म्हणाल्या, "उपमा म्हंजे पाहुणी, कमळा. दोन दिवस लय गोड वाटते. पण घर चालवायले नाव लागते."

"मंग मॅक्रोले मराठी नाव काहून नाही?"

"तो जावई हाय. त्याचं नाव बदलवलं तं रुसून जाईन."

बाकी सगळ्या शब्दांच्या मात्र त्या मागे लागायच्या. एकदा त्यांनी एक पान वाचलं आणि मी एकाच पानाला सहा खडे टाकले. बाई चक्रावल्या. पान सोपं होतं म्हणे. "सांग, काय अडलं?" मी सांगेना, तेव्हा त्यांनी कागदच माझ्यापुढे धरला आणि पेन्सिल दिली. तीन शब्द दोन-दोनदा आले होते, त्यांच्यावर मी रेघ ओढली. एका ठिकाणी होतं विस्तार, दुसरीकडे उलगडा, तिसरीकडे फैलाव. मला वाटलं होतं की मशीन तीन वेगवेगळी कामं करतं, आणि मी तिन्ही डोक्यात वेगळी ठेवायला बघत होते. तिन्ही एकच होतं. नावाच्या जागी ओळी मांडणं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "शाळेत आमाले शिकवलं का एकच शब्द पुन्हा पुन्हा नोको लिहू, वाचणाऱ्याले कंटाळा येते. अन् मी इथं एकीलेच तीन लुगडी नेसवली! तुले वाटलं तीन बाया आल्या."

त्या दिवसापासून शब्दांची एक वेगळी वही झाली. एका गोष्टीला एकच नाव. नाव ठरलं की वहीत लिहायचं आणि मग शेवटच्या पानापर्यंत तेच. 'मांडणी' हा शब्द त्या वहीत पहिला गेला. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या शब्दाची ओळख करून दिली नाही तो शब्द वापरायचा नाही. "पंगतीत नवा माणूस आणून बसवला तं सांगा लागते ना, हा कोणाचा कोण? तसंच." ही शिस्त घरातही आली. हळदीच्या डब्यावर हळद आणि धण्यांच्या डब्यावर धणे लिहिलं गेलं. मी एकदा डबे रिकामे नव्हते म्हणून साखरेच्या डब्यात रवा भरला, तर बाई आठ दिवस गुळाचा चहा प्यायल्या, पण त्यांनी त्या डब्याकडे बघितलं नाही.

एका उदाहरणात त्यांनी 'कोथिंबीर' लिहिलं होतं. मी खडा टाकला. बाई म्हणाल्या, "आपला सांभार वं!" मग स्वतःच विचारात पडल्या. सांभार लिहिलं तर पुण्याच्या माणसाला कळणार नाही, कोथिंबीर लिहिलं तर आमच्या बाजारातल्या बाईला नवल वाटणार. बराच वेळ त्या खुर्चीत डोलत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मीठ लिहितो. मीठ सगळीकडे मीठच."

बाई दिसायला किरकोळ होत्या. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात आणि सुती साडीच्या कमरेला रुमालात बांधलेला दम्याचा पंप. चालताना दम लागायचा, पण वाचताना तोवर कधी लागला नव्हता. त्यांचे वडील राजूरला कोळशाच्या खाणीत होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. खाणीवर काही सूचना लागली की ते लहान मुलीला खांद्यावर घेऊन जायचे आणि तिच्याकडून ती वाचून घ्यायचे. मुलीनं वाचून झालं आणि त्यांना उमगलं नाही तर ते मुलीला कधी रागावले नाहीत. सरळ साहेबाकडे जाऊन म्हणायचे, "साहेब, पोरीनं बराबर वाचलं. मले समजलं नाही, म्हंजे लिहिणाऱ्याचं चुकलं." हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली वडिलांचा लहानसा फोटो होता, त्याकडे बघून त्या म्हणायच्या, "मी जे शिकली ते या माणसापासून. बाकीचं तं कॉलेजात भेटलं."

दुसरं एक वाक्य त्यांचं नेहमीचं होतं. पुस्तक इतकं कशाला घासता, कुणी अडलं तर तुम्हाला फोन करेलच की, असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, "मी हाय तोवर पुस्तक कायले पाह्यजे? मी नसताना समजलं पाह्यजे, म्हणून तं लिहून राह्यली."

ते त्या हसत म्हणायच्या. पण त्या वर्षी त्यांचा दमा वाढला आणि यवतमाळच्या दवाखान्यात दोनदा राहावं लागलं, तेव्हापासून मला ते वाक्य ऐकवेना.

दुसऱ्यांदा दवाखान्यातून आल्या त्याच दिवशी त्यांनी अकरावं पान काढलं. मी म्हटलं, आज राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. अकरावं पान सगळ्यात अवघड, ते झालं की पुढचं उतारावरचं, असं म्हणत ओसरीवर येऊन बसल्या. दर दोन ओळींना थांबून पंप घ्यायच्या. त्या पानावरचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'मॅक्रोच्या रिकाम्या जागेत दिलेला मजकूर, त्याचे मूल्य ठरण्याआधीच, जसाच्या तसा प्रतिस्थापित होतो.'

मला त्यातलं काही समजलं नाही. प्रतिस्थापित हा शब्द वहीत नव्हता. मूल्य कुणाचं, ते कधी ठरतं, आणि आधी ठरलं काय नंतर ठरलं काय, त्यानं बिघडतं काय, काहीच उमगलं नाही. मी खडा उचलला. वाटीवर हात नेला. आणि बाईंकडे बघितलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मला माहीत होतं की खडा पडला की त्या आत जातील, टेबलाशी बसतील आणि ते वाक्य नीट होईपर्यंत उठणार नाहीत.

"खडा?" त्यांनी विचारलं.

मी हात मागे घेतला. "नाही."

"नाही?"

"नाही, बाई."

त्या इतक्या समाधानानं हसल्या. "झालं मंग. अकरावं झालं." आणि खुर्चीतच डोळे मिटून पडल्या. मी तो खडा सुपात परत टाकला नाही, बाहेरही फेकला नाही. पदराच्या टोकाला बांधला आणि घरी जाऊन कुंकवाच्या डबीत ठेवला.

पुस्तक पुढच्या उन्हाळ्यात पुरं झालं. ते इंटरनेटवर गेलं आणि ठिकठिकाणची माणसं ते वाचू लागली. आमच्या घाटंजीत ते पहिल्यांदा वाचलं वंदनानं. वंदना बाजाराच्या रस्त्यावर सेवा केंद्र चालवते, दाखले आणि अर्ज भरून देते. दोन लेकरांची आई. दुकान सांभाळून, मधल्या वेळात, एकेक पान छापून घेऊन ती ही भाषा शिकली. कॉलेजात न गेलेली बाई आपलं पुस्तक वाचून आपली आपण शिकली, याचा बाईंना केवढा आनंद! ती आली की त्या मला म्हणायच्या, "कमळा, माह्या पुस्तकाले चहा ठेव."

त्याच वर्षीच्या थंडीत गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. खेड्यापाड्यांतून माणसं येणार, म्हणून नंबराच्या चिठ्ठ्या आणि नावांची यादी संगणकावर करायचं काम वंदनानं घेतलं. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी त्यांना घेऊन सकाळीच गेले. वंदनानं आमची चिठ्ठी काढून दिली. नंबर सात.

आत सोडणाऱ्या माणसानं चिठ्ठी बघितली, यादी बघितली आणि म्हणाला, "या नावापुढं आठ हाय. तुमच्याजवळ सातची चिठ्ठी कशी? कोणाची उचलून आणली, आजी?"

सासूबाईंना धड दिसत नव्हतं, पण ऐकू नीट येत होतं. त्या कधी कुणाच्या बांधावरची काडी न उचलणाऱ्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याचंही तेच झालं. चिठ्ठी नऊ, यादीत दहा. सगळ्यांचंच तसं. एकेकाला बाजूला बसवलं, मग आरडाओरडा सुरू झाला. मग कुणीतरी म्हणालं, "हातानं लिहिलं असतं तं झालं असतं, मशीन कायले आणलं या बाईनं?" यादी हातानं पुन्हा करेपर्यंत दुपार टळली. डॉक्टर निघून गेले. अर्ध्याहून जास्त माणसं तशीच घरी परतली, त्यांत आम्हीही. वाटेत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मले चोर म्हनलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वंदना बाईंकडे आली. मी आत भाकरी करत होते. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज कोरडा झाला होता. "बाई, मी तुमच्या पुस्तकातलंच लिहिलं. पहिली चिठ्ठी तपासली, मंग गर्दीत पुढचे नंबर पाह्यले नाही. यादी उघडून पाह्यली नाही, हे माह्यं चुकलं. पण नंबर वेगळे कसे पडले ते मले अजून कळलं नाही."

बाईंनी तिचे कागद बघितले. त्यांना एका नजरेत कळलं. "अकरावं पान वाचलं होतं?"

"तीनदा वाचलं."

"मंग ध्यान देऊन नाही वाचलं, वंदना. त्या पानात हेच तं लिहिलं हाय. ते पान पारखून गेलेलं हाय."

वंदनानं पिशवीतून छापील पानांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "असन. माह्यी अक्कल तेवढीच असन, बाई. मी आता हातानंच लिहीन. हे तुमच्याजवळच राहू द्या."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होते. ते पान माझ्या एका 'नाही'वर पारखलं गेलं होतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. बोलले तर बाई माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. माझ्याजवळ दुसरं होतं काय? भाकऱ्या तर कुणीही करतं. खडा टाकणारी मी एकटी होते. आणि न बोलले तर वंदना आपल्याला अक्कल नाही असं समजून उठून जाणार.

शिबिरातला घोळ माझ्या न टाकलेल्या खड्यामुळे तर झाला नसेल, या शंकेनं आदल्या रात्रीच मी कुंकवाच्या डबीतला तो खडा काढून पदराला बांधला होता. मी कप खाली ठेवले. गाठ सोडली. वाटी खिडकीत होती, ती आणून टेबलावर ठेवली आणि तिच्यात खडा टाकला. रिकाम्या वाटीत त्याचा फार मोठा आवाज झाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हा कोणत्या पानाचा?"

"अकराव्या."

"आज तं मी काही वाचलं नाही."

"तवाचा हाय, बाई. तुमी दवाखान्यातून आलत्या त्या दिवसाचा. मले नव्हतं समजलं. मी खोटं बोलली."

मग बाईंनी तो गठ्ठा उचलला आणि वंदनाच्या हातात परत दिला. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "माफ कर, वंदना. तुह्यं नाही चुकलं. पोरीनं बराबर वाचलं, लिहिणाऱ्याचं चुकलं." आपल्या वडिलांचं वाक्य त्यांना स्वतःवर लावावं लागलं. वंदना तर घाबरलीच, त्यांचे हात धरून "अवं बाई, असं काय करता" म्हणू लागली.

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा, तिसऱ्या माणसासमोर, मोठ्यानं प्रश्न विचारला. "पण बाई, नंबर दोनदा काहून वाढला?"

बाईंनी कागद घेतला. वंदनाचा मॅक्रो दोनच ओळींचा होता. चिठ्ठीवर अमुक छाप. यादीत अमुक लिही. आणि अमुकच्या जागी तिनं भरलं होतं, 'पुढचा नंबर घे'. तिला वाटलं, मशीन एकदा नंबर घेईल आणि तोच दोन्हीकडे टाकेल. मशीननं तसं केलं नाही. त्यानं नुसते शब्द उचलले आणि दोन्ही ओळींत मांडले. मग काम करायला निघालं. चिठ्ठीजवळ आलं, तिथे लिहिलं होतं पुढचा नंबर घे, घेतला, सात. यादीजवळ आलं, तिथेही तेच लिहिलं होतं, पुन्हा घेतला, आठ.

मला सासूबाईंची चिठ्ठी दिसली. त्या माणसाचं बोट दिसलं. आणि ते सगळं पान एकदम उघडं पडलं. मी म्हटलं, "म्हंजे तो आपलं उत्तर नाही घेत, आपले शब्द घेते. शब्द जितक्या जागी बसन, तितक्यांदा काम होईन."

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. वंदना ताठ बसली आणि म्हणाली, "असं लिहायचं ना मंग, बाई!" आणि बाई हसल्या, इतक्या की खोकला आला.

दुसऱ्या दिवशी मी तूर घेऊन बसले तेव्हा त्यांनी वाटी नेहमीच्या जागी ठेवली आणि म्हणाल्या, "तुले माह्यी दया आली, ते मले समजते. दया भाजीत घाल, कमळा. खिचडीत घाल. पानात नोको घालू. तिथं घातली का ती वाचणाऱ्याच्या ताटातून कमी होते." आणि मग माझ्या हातात कोरा कागद दिला. "अकरावं पान आता तूच लिही."

मला ते लिहायला महिना लागला. चौथीनंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. बाई एक शब्द सुचवायच्या नाहीत, फक्त वहीत आहे की नाही एवढं बघायला लावायच्या. तोवर वंदनानं आपली चूक दुरुस्त केली होती. आधी नंबर एकदाच घेऊन बाजूला ठेवायचा आणि मग तो ठेवलेला नंबर जागेत भरायचा. पुढच्या शिबिराला चिठ्ठी आणि यादी जुळली. सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. वंदनानं स्वतः त्यांना हाताला धरून आत नेलं आणि दारातल्या माणसाला सगळ्यांसमोर म्हणाली, "पाह्य बरं नीट. सात म्हंजे सातच."

माझं पान झालं तेव्हा बाई अंथरुणावरून उठत नव्हत्या. नाकाला नळी होती. दुपारचं ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. त्यांनी खुणेनं वाटी मागितली. मी ती त्यांच्या उशाशी ठेवली आणि एक खडा त्यांच्या तळहातावर दिला. मग मी वाचलं. माझा आवाज इतका लहान होता की मलाच नीट ऐकू येत नव्हता. बाई डोळे मिटून होत्या, पण बोटं खड्याभोवती हलत होती. एका ठिकाणी मला वाटलं, हात वाटीकडे निघाला. मी थांबले. हात पुन्हा चादरीवर आला. मी पान संपवलं.

बाईंनी डोळे उघडले, माझा हात ओढला आणि तो खडा माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली. वाटी रिकामीच राहिली.

चौथ्या दिवशी बाई गेल्या. पुण्यानुमोदनाला त्यांचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. मोठी मोठी माणसं बोलली. वंदना दोन वाक्यं बोलली. मी मागे बसले होते. माझ्या मनात एकच चाललं होतं. त्या दुपारी बाईंचा हात वाटीकडे खरंच निघाला होता का? त्यांना माझं पान समजलं म्हणून त्यांनी खडा टाकला नाही, की माझा इवलासा आवाज ऐकून टाकला नाही? बाई दया करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण मीही नव्हते खोटं बोलणाऱ्यातली. ज्याच्यावर जीव असतो त्याच्यासमोर हात मागे येतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

ते पान तसंच पुस्तकात घालायला वंदना तयार होती. मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब.

घरी येऊन मी सासूबाईंना बाजेवर बसवलं. त्या माझ्यावर दया करतील अशी भीती नव्हती, पंधरा वर्षांत त्यांनी माझ्या भाजीला कधी बरं म्हटलेलं नाही. वाटी पुण्यानुमोदनाला आलेल्या बाईंच्या भावानं मला दिली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली, अंगणातले मूठभर खडे शेजारी ठेवले आणि काय करायचं ते सांगितलं. मग पान वाचलं. तिसऱ्याच ओळीला टणकन आवाज झाला. "मन समजो कोनी," सासूबाई आमच्या बोलीत म्हणाल्या. म्हणजे, मला नाही समजलं. पुढे आणखी दोन पडले. प्रत्येक खड्याजवळ मी पेन्सिलीनं खूण केली.

शेवटच्या ओळीशी त्यांनी चौथा खडा उचलला आणि हात वाटीवर धरून माझ्याकडे बघितलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं त्यांना आता माझा चेहरा चांगला दिसत होता. त्या जरा घुटमळल्या.

"माझ्याकडे नका बघू," मी म्हटलं. "टाका."